ओसरीची शोभा

१० जून १९४६

निजाम सरकारच्या कागदांवर दिवसभर फसली सालाच्या तारखा घालून कंटाळा येतो, म्हणून इथं इंग्रजी तारखा.

शाळा आज उघडली आणि पहिल्याच दिवशी मी एक शब्द देऊन बसलो. घरी येईपर्यंत त्याचा पस्तावा झाला.

महारवाड्यातला लिंबाजी मुलीला घेऊन आला होता. तारामती तिचं नाव. आठ-नऊ वर्षांची असेल. उन्हाळाभर सोलापुरात आत्याकडे राहिली आणि तिथं कुणाच्या तरी पुस्तकावरून अक्षरं शिकून आली. मी पाटीवर लिहिलेलं तिनं धडाधड वाचलं. ‘तुळजापूर’ वाचलं, ‘बेंबळी’ वाचलं, ‘उस्मानाबाद’सुद्धा न अडखळता. मी खूष झालो आणि तिथंच घोटाळा झाला.

लिंबाजी पायरीखाली उभा राहून म्हणाला, “गुर्जी, पोरगी आत बसनार आसंल तर धाडतो. ओसरीवरच बसवायची आसंल तर घरी शेरडं हायेत राखाय.”

आमच्याकडे वेशीबाहेरची पाच-सहा मुलं ओसरीवर बसतात आणि गजांच्या खिडकीतून आतला फळा बघतात. माझ्या आधीपासून तसंच चालत आलं आहे. मी म्हणालो, “दसऱ्यापर्यंत बाहेर बसू दे. दसऱ्यापासून आत घेतो.”

“शब्द देताव?”

“दिला.”

तो इतका वाकला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. शब्द देताना तोंडाला काही पडत नाही, हे खरं. आता झोप येत नाही ती माझी मला.

१३ जून

व्हायचं तेच झालं. हणमंतप्पा पाटील शाळेत आले. शाळेची खोली त्यांचीच, पूर्वी कडब्याला होती. ते आले की मी उठून उभा राहतो, मुलंही राहतात. आवाज न चढवता म्हणाले, “मास्तर, खोली म्या दिली. त्यात कोन बसंल ते बी मलाच इचारावं लागंल न्हवं?”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“शिकवा की त्यान्ला. कोन नगं म्हनतंय? बसायचं तेवढं जितल्या तितं. न्हायतर आतली समदी पोरं उठून घरी जातील, आन् मग तुमी शिकवा भिंतींना.”

“बघू,” असं म्हणालो. द्वारकेला घरी सांगितलं तर ती म्हणाली, “आपल्या लग्नात भटजींनी विचारलं तेव्हाही तुम्ही ‘बघू’च म्हणाला असाल.” मी रागावलो, पण खोटं नव्हतं.

१४ जून, शुक्रवार, सुट्टी

एक तोड सुचली आणि सकाळपासून जरा बरं वाटतं आहे.

हैदराबादेत शिक्षकांच्या वर्गात असताना आम्हाला सांगत, मूल आधी डोळ्यांनी शिकतं, मग कानांनी. आमच्या खोलीत डोळ्यांना आहे काय? शेणानं सारवलेली जमीन, फुगे आलेल्या भिंती आणि एक खुंटी. ते बदलायचं. पण सुरुवात ओसरीपासून. ओसरी इतकी देखणी करायची की तिथं बसलेल्याला आत जावंसं वाटूच नये. आत आणि बाहेर हा भेदच मग कुठं उरला? पाटलांनाही बोलायला जागा नाही आणि लिंबाजीलाही.

पांढरी माती, गेरू, नीळ एवढं आणायचं आहे. पुस्तकांना घासलेटचं खोकं कापून फळी करीन.

२ जुलै

ओसरी झाली. स्वतःच्या हातानं केली म्हणून नव्हे, पण गावातली बायामाणसं पाणी आणायला जाताना थांबून बघतात. पांढऱ्या मातीचा हात दिला, खाली गेरूची वीतभर किनार. वर मोर, ससा, बैलजोडी. खालच्या बाजूला मुळाक्षरं, प्रत्येकाच्या पोटात त्याचं चित्र. कोपऱ्यात पुस्तकांची फळी आणि ओसरीच्या मुलांसाठी निराळी घागर.

पुस्तकांची सोय तर मला फारच आवडली. आजवर आतल्या मुलांचं वाचून झालं की ती पुस्तक उंबऱ्यावर टाकत आणि बाहेरची उचलून घेत. ते टाकणं मला बघवत नसे. आता पुस्तकंच वेगळी केली. कुणी कुणापुढं टाकायला नको. नवी होती ती आत ठेवली, जुनी बाहेर. जुन्यांना ज्वारीच्या खळीनं चिकटवून निळ्या कागदाची अशी वेष्टणं घातली की नव्यांनी लाजावं. काहींची शेवटची पानं गेलेली आहेत, त्याला इलाज नाही.

तारामतीनं दुपारी विचारलं, “गुर्जी, ह्या गोष्टीतल्या कोल्ह्याचं पुडं काय झालं?”

“तूच सांग काय झालं असेल ते.”

“तुमाला तर ठावं हाय की.”

मला हसू आलं. फार चौकस पोर.

जैनोद्दीन साहेब वरच्या जमातीला, म्हणजे वरच्या वर्गाला, उर्दू शिकवतात, माझ्याहून वयानं मोठे. ते ओसरी न्याहाळून म्हणाले, “मास्टर, ओसरी तर नवरीसारखी सजवलाव. पर नवरीला घरात कवा घेनार?” थट्टा करायची त्यांना सवयच आहे. चांगलं म्हणायला काय जातं माणसाचं?

१९ ऑगस्ट

आज वर्गात तमाशा झाला. पाटलांचा नातू तोंडी हिशेबाला अडला. फळ्यावर आकडे समोर असून त्याला जमेना. तेवढ्यात खिडकीतून तारामती उत्तर सांगून मोकळी. दोन्ही हातांनी गज धरून उभी, नाक आत. सगळी मुलं हसली. नातू रडत घरी गेला.

संध्याकाळी पाटलांचा निरोप, “तुमच्या खिडकीचं कायतरी बघा.”

मुलगी हुशार आहे यात शंका नाही. पण खिडकीशी अशी झुंबड बरी दिसत नाही. एवढी सुंदर ओसरी केली ती काय खिडकीला लोंबकळण्यासाठी?

२३ ऑगस्ट, शुक्रवार

बरेच दिवस मनात होतं ते आज पुरं झालं. आमच्या जिल्ह्याचा नकाशा! द्वारकेनं मांजरपाट दिलं, कुरकुरत का होईना. आठ दिवस रात्री रंगवत होतो. परांडा हळदीत, तुळजापूर गेरूत, लातूर नीळ घालून. गावांची नावं काजळाच्या शाईनं. रंग दाट बसला, कापडाच्या पार मागं फुटला.

लावायचा कुठं हा प्रश्न होता. भिंतीत खिळा काय, बारकी चूकही धरत नाही, फुगे निघतात. सबंध खोलीत लाकूड एकच, खिडकीची चौकट. तिथंच लावला. वाऱ्यानं फडफडतो म्हणून चारी बाजूंनी ठोकून घट्ट केला. उजेड पलीकडच्या झरोक्यातून येतो तेवढा पुरतो. पाटलांनाही खिडकीबद्दल बोलायला काही उरलं नाही, हा वरचा फायदा.

जैनोद्दीन साहेब बघून म्हणाले, “नक्शा बढिया हाय. जागा गलत हाय.” मी कारण विचारलं तर पान लावत बसले. त्यांच्या जमातीत असा नकाशा नाही, त्याचंच हे असावं.

१७ सप्टेंबर

तारामती मंदावली आहे. सगळीच ओसरी मंदावली आहे, पण तिचं मनाला लागतं. आज फळ्यावर चार हिशेब घातले. आतल्या मुलांनी कसेबसे केले. बाहेर जाऊन बघतो तर सगळ्या पाट्या कोऱ्या.

“का गं, हिशेब का केले नाहीस?”

तिनं पाटी मांडीवर पालथी घातली.

“ऐकू आलं नाही का, फळ्यावरचे उतरवा म्हटलेलं?”

“आलं.”

“मग?”

गप्प. पूर्वी गप्प बसणारी मुलगी नव्हती. मी विचार केला, चित्रं जास्त झाली का? मोराकडे आणि सशाकडे बघत वेळ जात असेल. लहान जीव, रमतो. एखादं चित्र पुसून टाकावं काय? पण मोर खरंच छान जमला आहे.

८ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. लिहायचं टाळत होतो.

आज सकाळी शाळा उघडायला गेलो तर तारामती दारात उभी. ओसरीवर नाही, दारात. धुतलेला परकर, केसाला तेल, पाटी घासून काळीभोर केलेली. माझ्याकडे बघत होती. मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा पाटलांचा नातू कोपऱ्यावर दिसला.

मी म्हणालो, “तारामती, संक्रांतीला. संक्रांतीपासून नक्की. आज जागेवर बस हं.”

ती जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं. दिवसभर शिकवताना माझं चित्त नव्हतं. मी भित्रा माणूस आहे. लिहून ठेवायला हरकत नाही, ही वही कोण वाचतं?

संध्याकाळी तिच्या जागेसमोरच्या भिंतीवर आगगाडी काढली, सोलापूरला जाते तशी, धुरासकट. तिला आवडेल.

२१ नोव्हेंबर

आज तारामतीला शिक्षा केली. करायला नको होती असं आता वाटतं, पण संताप असा आला.

सगळ्यांना जिल्ह्याचा नकाशा पाटीवर काढायला सांगितला होता. आतल्यांचे वेडेवाकडे आले. बाहेर गेलो तर तारामतीची पाटी भरलेली. इतक्या दिवसांनी! रेषा अशी की मला हेवा वाटावा. कडेचं प्रत्येक वळण धरलेलं. पण सगळा नकाशा उलटा. परांडा पूर्वेला, लातूर पश्चिमेला. बार्शीला निघालेला माणूस लातुरात पोचेल.

मला वाटलं, मुद्दाम केलं. आगगाडी काढली तरी राग गेला नाही, दसऱ्याचा सूड काढते. मी म्हणालो, “ही थट्टा कुणाची चालवली आहेस?”

“न्हाय गुर्जी. बगून काडला.”

“बघून काढलास आणि उलटा आला?”

“जसा हाय तसाच काडला.”

खोटं बोलते म्हणून सुट्टीपर्यंत अंगणात उन्हात उभी केली. सावली पायाशी आली तेव्हा माझाच राग उतरला होता, पण बोलावलं नाही. आतली मुलं दारातून तिच्याकडे बघून खिदळत होती. पाटी तिनं छातीशी धरली होती. नकाशा पुसला नव्हता.

१६ जानेवारी १९४७

तपासणी झाली. साहेब उस्मानाबादहून टांग्यानं आले, बरोबर दोन कारकून. आत फार वेळ थांबले नाहीत. ओसरीवर मात्र पाव घटका उभे होते. मोर बघितला, पुस्तकांची फळी बघितली, घागर बघितली. “बहोत खूब, मास्टर. या मुलांसाठी इतकी मेहनत कुणी घेत नाही. प्रत्येक शाळेत अशी ओसरी पाहिजे.” मी तसं वरती लिहितो, म्हणाले.

पाटील शेजारीच होते. ते सगळ्यांत जास्त खूष. साहेब गेल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली, “बगा मास्तर, सरकारनं बी सांगितलं. ह्यांची जागा चांगली हाय म्हून.”

माझ्या नोकरीत एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. द्वारकेनं शिरा केला. मी ताटली बाजूला सरकवली. संक्रांत परवाच झाली. लिंबाजीला काय सांगू? आता तर प्रत्येक शाळेत ओसरी होणार, आणि तिचं श्रेय माझं.

२० जानेवारी

तारामती आली नाही. लिंबाजी आला. पायरीखालीच उभा राहिला. मी वर ये म्हणालो नाही, आता आठवतं.

“गुर्जी, संक्रांत झाली.”

“लिंबाजी, साहेब काय म्हणाले कळलं ना? तुमच्या मुलांची ओसरी—”

“कळलं. लई नावाजली म्हनं.” तो हसला नाही, रागावलाही नाही. “आदी वाटायचं, आज न्हाय उद्या आत जाईल पोरगी. वंगाळ ओसरी हाय, किती दिस बसवतील? आता चांगली झाली. आता ती कोन हलवतंय?”

मी फळीवरची पुस्तकं सारखी करू लागलो.

“म्होरल्या सोमवारी सोलापूरला धाडतो तिला, बहिणीकडं. तितल्या शाळंत समद्यास्नी एकाच पट्टीवर बसवत्यात. बहिणीनं डोळ्यानं बगितलंय.” मग जाता जाता थांबला. “पोरगी म्हनती, तिला फळा दिसत न्हाय. लई दिस झालं म्हनती. म्या म्हनलं, गुर्जीला सांग. तर म्हनती, त्येंनीच तर लावलंय ते, त्यान्ला म्हाईत न्हाय व्हय?”

२४ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. शाळेत एकटाच गेलो. ओसरीवर तारामतीच्या जागेवर बसलो. नोकरीला लागल्यापासून त्या जागेवर कधी बसलो नव्हतो. रंग दिला तोही उभ्यानं.

तिथून मोर दिसतो. ससा दिसतो. आगगाडी अगदी समोर दिसते. मान वळवली की खिडकी, आणि खिडकीत माझ्या नकाशाची पाठ. मागं फुटलेल्या रंगात परांडा पूर्वेला, लातूर पश्चिमेला. तिनं जसा होता तसाच काढला होता.

मी तिला उन्हात उभी केली. पाच महिने ती आणि बाकीची मुलं कापडाकडे बघत माझा आवाज ऐकत होती, आणि मी त्यांना मंद म्हणत होतो. आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणताना आज जीभ अडखळते. खिडकी बंद व्हावी हे मला हवंच होतं. नकाशा लावायला लाकूड हवं होतं, हेही खरं. पण भिंतीत एक पाचर मारून घेतली असती तर चूक कुठंही धरली असती. मला ते सुचू नये?

रडलो. कुणी बघत नव्हतं म्हणून रडलो, हेही लिहितो.

नकाशा उपसून काढला. चुका ओढताना कापड फाटलं. मग तसाच वेशीबाहेर गेलो, लिंबाजीच्या घरी. दोन वर्षांत प्रथमच. तारामती शेरडांना पाला घालत होती, मला बघून आत गेली.

“लिंबाजी, तिला पाठवू नकोस. दोन दिवस दे, सोमवारी आत बसवतो. सगळ्यांना बसवतो.”

“पाटील आलं तर?”

“मी बोलेन त्यांच्याशी.”

“तुमी मानूस वंगाळ न्हाय गुर्जी,” म्हणाला. “पर गाडी ठरलीया.”

मी पाणी मागितलं. लिंबाजीच्या बायकोनं तांब्या दिला आणि मी प्यालो. घरी येऊन द्वारकेला सांगितलं नाही.

२७ जानेवारी

सकाळी फार लवकर शाळेत गेलो. बाहेरच्या मुलांच्या पट्ट्या आत आणून पहिल्या रांगेत टाकल्या. मुलं यायला वेळ होता.

बाहेर पाऊल वाजलं. लिंबाजी अंगणात, डोईवर गाठोडं. तुळजापूरला जाऊन सोलापूरची मोटार धरायची होती त्यांना. तारामती पायरी चढून ओसरीवर आली. “फळीवरलं पुस्तक ठिवलं, गुर्जी,” म्हणाली. एक घरी नेलं होतं, ते परत करायला आली होती.

मी म्हणालो, “आत ये.”

तिनं बापाकडे बघितलं. त्यानं मान हलवली. ती उंबरा ओलांडून आत आली. भिंतींकडे बघितलं नाही, चित्रांकडे नाही. सरळ पहिल्या रांगेत, फळ्यासमोरच्या पट्टीवर जाऊन मांडी घालून बसली. हात मांडीवर. फळा कोरा होता, कालच पुसलेला.

“हितनं समदं दिसतंय की, गुर्जी,” ती म्हणाली.

मी खडू घेतला. तिच्यासाठी काहीतरी लिहायचं होतं, एक ओळ तरी, तिनं आत बसून वाचावी अशी. हात वर केला आणि बाहेर हणमंतप्पा पाटलांचा खाकरण्याचा आवाज आला. रोज सकाळी ते त्याच वाटेनं मळ्याकडे जातात. मी दाराकडे वळून बघितलं. क्षणभरच बघितलं असेल.

पुन्हा वळलो तेव्हा ती उठली होती. परकर झाडला, बसलेली पट्टी सरळ केली आणि मी काही लिहायच्या आधी बाहेर जाऊन बापाचा हात धरला.